कॅज्युअल्टीत डॉक्टर नीट बोलले का, हे मोजतात तरी कसं?

रात्री दोन वाजता वडिलांच्या छातीत दुखायला लागलं म्हणून तुम्ही त्यांना कॅज्युअल्टीत नेता. ईसीजी निघतो, रक्त घेतलं जातं आणि मग तासभर कुणी काही सांगत नाही. तुमच्यानंतर आलेल्या पेशंटला आधी आत घेतात. इथेच आवाज चढतो.

खरं तर यात चूक असेलच असं नाही. कॅज्युअल्टीत नंबर आल्याच्या वेळेवर नाही, तर पेशंट किती गंभीर आहे यावर लागतो. याला 'ट्राएज' म्हणतात. पण हे दोन वाक्यांत कुणी सांगितलंच नाही, तर नातेवाइकांना तो अन्यायच वाटणार.

मग हा संवाद चांगला झाला की वाईट, हे ठरवायचं कसं?

'समाधानी आहात का?' पुरेसं का नाही?

इंग्लंडच्या सरकारी आरोग्यसेवेने २०१३ मध्ये अपघात विभागांत एक साधा प्रश्न विचारायला सुरुवात केली : तुम्ही हा विभाग मित्रांना, घरच्यांना सुचवाल का? अशा प्रश्नातून लोकांचा मूड कळतो, पण नेमकं काय सुधारायचं ते कळत नाही.

म्हणून संशोधकांनी प्रश्नांचे तुकडे केले. २००७ मध्ये अमेरिकेत 'कम्युनिकेशन असेसमेंट टूल' नावाची १४ मुद्द्यांची प्रश्नावली आली. मला मध्येच न तोडता बोलू दिलं का? समजेल अशा भाषेत सांगितलं का? प्रश्न विचारायला प्रोत्साहन दिलं का? पुढे काय करायचं ते सांगितलं का? प्रत्येक मुद्द्याला 'वाईट' ते 'उत्कृष्ट' अशा पाच पायऱ्यांवर गुण.

कॅज्युअल्टीत आपली गाठ एका डॉक्टरशी पडत नाही. नर्स, शिकाऊ डॉक्टर, तंत्रज्ञ, सगळेच भेटतात. त्यामुळे तिथे वापरण्यासाठी याच प्रश्नावलीची संपूर्ण टीमला गुण देणारी आवृत्तीही तयार झाली.

यात सरासरीपेक्षा 'उत्कृष्ट' किती जणांनी दिलं, याच्या टक्केवारीकडे बघतात. कारण सोपं आहे. आपल्यावर उपचार करणाऱ्याला वाईट म्हणायला लोक कचरतात आणि 'चांगलं' म्हणून मोकळे होतात. सरासरी काढली तर त्या 'चांगलं'मागे बऱ्याच तक्रारी लपतात.

समजलं असं वाटणं आणि खरंच समजणं

खरी मेख पुढे आहे. २००९ मध्ये अमेरिकेत कॅज्युअल्टीतून घरी निघालेल्या १४० जणांना चार गोष्टी विचारल्या : काय झालं होतं, इथे काय उपचार केले, घरी काय काळजी घ्यायची आणि कधी लगेच परत यायचं. ७८ टक्के लोकांना यातली किमान एक गोष्ट नीट समजलेली नव्हती. त्याहून गंभीर म्हणजे, बहुतेक वेळा आपल्याला समजलेलं नाही, हेच त्यांना माहीत नव्हतं.

म्हणजे फॉर्मवर 'उत्कृष्ट' लिहिणारा पेशंटही घरी जाऊन चुकीची गोळी घेऊ शकतो. म्हणून फक्त गुण पुरत नाहीत. सांगून झाल्यावर 'आता तुम्ही मला सांगा, घरी गेल्यावर काय करणार?' असं पेशंटलाच विचारून खात्री करावी लागते.

आपल्याकडे काय?

केंद्र सरकारने २०१६ मध्ये 'मेरा अस्पताल' ही योजना सुरू केली. त्यात सहभागी रुग्णालयांतल्या पेशंटचा अनुभव एसएमएस, फोन कॉल, अ‍ॅप आणि वेबसाइटवरून विचारला जातो. एक अडचण मात्र कुठल्याही सर्वेक्षणात राहतेच. जो सगळ्यात अत्यवस्थ होता, ज्याला वाचता येत नाही किंवा ज्याची भाषाच वेगळी आहे, त्याचं उत्तर यादीत येणं सगळ्यात कठीण. आणि संवादाची गरज त्यालाच सगळ्यात जास्त असते.

तोवर आपल्या हातात काय? कॅज्युअल्टीतून निघताना वरचे चार प्रश्न विचारा आणि उत्तरं आपल्या शब्दांत डॉक्टरांना परत सांगा. चुकलं असेल तर ते तिथल्या तिथे दुरुस्त करतील. नंतर रुग्णालयाकडून अभिप्रायाचा मेसेज आला, तर तो स्पॅम समजून डिलीट करण्याआधी एकदा उघडून बघा.