माप दोनदा घ्यायचं

दुबईच्या डिस्कव्हरी गार्डन्समध्ये पहिल्यांदा येणारा पाहुणा हमखास चुकतो. इमारती एकीसारख्या एक. त्यामुळे ‘मोगल क्लस्टर’ असं दोनदा बजावूनही तो झेन क्लस्टरमधल्या कुठल्याशा दारात उभा राहून फोन करतो. सहा महिने राहिलं की डोळा तयार होतो. कुठल्या दाराशी कुठलं झाड, कुठल्या वळणावर कुठली गॅलरी, हे न मोजताच कळायला लागतं.

माझी भाची यंदा इथल्या एका विद्यापीठात पहिल्या वर्षाला आहे. ऐच्छिक विषय म्हणून तिनं मानवशास्त्र घेतलं आणि पहिल्याच आठवड्यात स्पायरल बाइंडिंगचं एक जाडजूड पुस्तक माझ्यासमोर आपटलं.

“मावशी, तू पुण्यात हेच शिकलीस ना? यात वाचायला काही नाहीच गं, नुसत्या रिकाम्या चौकटी!”

तक्रार रास्त होती. पण त्या चौकटींसाठीच तर ते पुस्तक असतं.

मॅन्युअल आणि आपलं जर्नल

शारीरिक मानवशास्त्र माणसाकडे शरीर म्हणून बघतं. उत्क्रांती, माकडं आणि वानर, जीवाश्म, हाडं, आनुवंशिकता, माणसामाणसातले फरक हे सगळं त्यात येतं. पाठ्यपुस्तक हे सांगतं, लॅब मॅन्युअल करून बघायला लावतं. एखादा प्रयोग, त्याची पायरीवार कृती, मग कोरा तक्ता आणि शेवटी ‘तुम्हाला काय दिसलं?’ असा सरळ प्रश्न, अशी त्याची साधारण घडण.

आपल्याकडे याचं काम ‘जर्नल’ करतं. पण जर्नल बहुतेकदा सबमिशनच्या आदल्या रात्री भरलं जातं. मीही भरलंय. मैत्रिणीची रीडिंग उतरवून घ्यायची, दशांशात थोडा फरक करायचा, की झालं. याला आम्ही रीडिंग ‘कुक’ करणं म्हणायचो. माझ्या एका जर्नलमध्ये वर्गातल्या वीस जणांच्या डोक्यांची मापं होती. त्यातली सहा मी खरी घेतली होती.

भारतात इंद्रपाल सिंग आणि एम. के. भसीन यांचं मानवमितीचं, म्हणजे शरीर मोजण्याचं, मॅन्युअल 1968 साली आलं आणि विद्यार्थ्यांच्या पिढ्या त्यावर घडल्या. अमेरिकेत डायान फ्रान्स यांचं वर्कबुक प्रसिद्ध आहे, सोलुरी आणि सबरिना अगरवाल यांचंही. ही पुस्तकं महाग असतात. ज्यांना परवडत नाहीत त्यांच्यासाठी ‘एक्सप्लोरेशन्स’ हे 2019 मध्ये आलेलं पाठ्यपुस्तक इंटरनेटवर फुकट आहे.

विषयाचं नाव हल्ली ‘जैविक मानवशास्त्र’ असं दिसेल. शेरवुड वॉशबर्न यांनी 1951 मध्येच सांगितलं होतं की नुसती मोजमापं आणि वर्गवारी पुरे, आता शरीर असं का घडलं ते विचारा. अमेरिकेतल्या व्यावसायिक संघटनेनं आपल्या नावातला ‘शारीरिक’ शब्द काढून ‘जैविक’ लावला तो मात्र 2021 मध्ये.

राजमा आणि चवळी

पहिलं प्रकरण बहुधा आनुवंशिकतेचं असतं. मॅन्युअल रंगीत मणी मागतं, आम्ही स्वयंपाकघरातून पन्नास राजमा आणि पन्नास चवळी घेतली. पिशवीत हात घालून दोन दाणे काढायचे, लिहायचे, परत टाकायचे. एक दाणा आईकडून आलेला, एक बाबांकडून. पुरेशा वेळा काढले की साधारण पाव जोड्या राजमा-राजमा, पाव चवळी-चवळी आणि अर्ध्या मिश्र येतात. हार्डी आणि वाइनबर्ग या दोघांनी 1908 मध्ये स्वतंत्रपणे मांडलेलं सूत्र ते हेच.

गंमत पुढे आहे. पिशवीतून एक मूठ उचलायची आणि बाकीचे दाणे संपले असं समजायचं. भाचीच्या मुठीत दहा आले, सात राजमा आणि तीन चवळी. आता पुढच्या सगळ्या पिढ्या या दहांतूनच निघणार. चवळी वाईट म्हणून कमी झाली का? मुळीच नाही, मूठ तशी पडली इतकंच. एखाद्या बेटावर चार होड्या पोचतात आणि तिथल्या लोकांत एखादं लक्षण फारच जास्त दिसतं, त्यामागे अनेकदा असली मूठ असते.

याच प्रकरणात जिभेची पुंगळी करता येते का, हेही विचारतात. हा प्रयोग डोळे मिटून करू नये. आल्फ्रेड स्टर्टव्हंट यांनी 1940 मध्ये हे लक्षण आनुवंशिक म्हणून मांडलं. मग 1952 मध्ये असं दिसलं की अगदी एकसारख्या जुळ्यांतही एकाला जमतं, दुसऱ्याला नाही. खुद्द स्टर्टव्हंट यांना पुढे या गोष्टीचा संकोच वाटायचा. पुस्तकांना मात्र वाटत नाही, ती अजून छापतातच.

शंख आणि चक्र

बोटांच्या ठशांचं प्रकरण मराठी मुलांना आधीच येतं. भाचीनं आजीकडून लहानपणी शंख-चक्र मोजून घेतलं होतं, दहाही बोटांना चक्रं असली तर राजा होतो म्हणे. मॅन्युअल तीन मुख्य प्रकार मानतं. गोल फिरणाऱ्या रेषा म्हणजे चक्र, एका बाजूनं येऊन वळून त्याच बाजूला जाणाऱ्या म्हणजे शंख, आणि नुसती टेकडीसारखी उठून पलीकडे जाणारी कमान. बहुतेकांच्या बोटांवर शंख जास्त आणि कमान सर्वांत कमी असते.

शिक्क्याचं पॅड घेऊन आम्ही ठसे घेतले. नुसता प्रकार ओळखून भागत नाही, रेषा मोजायच्या असतात. तीन दिशांनी येणाऱ्या रेषा जिथे भेटतात त्या बिंदूपासून मधल्या गाभ्यापर्यंत टाचणीच्या टोकानं एकेक. तिच्या अनामिकेवर मी चौदा मोजल्या, तिनं सोळा. तिसऱ्यांदा मोजल्यावर पंधरा. “लिहू काय आता?” तिन्ही लिही, म्हटलं.

डोकं मोजायचं म्हणजे

सगळ्यांत जुना आणि सगळ्यांत बदनाम प्रयोग हा. कवटीची लांबी भुवयांच्या मधल्या उंचवट्यापासून मागच्या सर्वांत लांबच्या बिंदूपर्यंत घेतात, रुंदी दोन्ही बाजूंच्या सर्वांत फुगीर जागांमध्ये. रुंदीला लांबीनं भागून शंभरनं गुणलं की शीर्षनिर्देशांक मिळतो. 75 च्या खाली असेल तर डोकं लांबट, 75 ते 80 मध्यम, 80 च्या पुढे रुंद. मोजताना डोकं ताठ, म्हणजे कानाच्या भोकाची वरची कड आणि डोळ्याच्या खोबणीची खालची कड एका आडव्या पातळीत. ही पातळी जर्मन अभ्यासकांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस फ्रँकफुर्टला ठरवली, म्हणून तिचं नाव फ्रँकफुर्ट.

खरं अवजार म्हणजे वाकड्या पायांचा चिमट्यासारखा कॅलिपर. आमच्याकडे तो नव्हता. लांबीसाठी मी भिंतीला डोकं टेकवलं आणि भाचीनं कपाळाला गुण्या लावला. रुंदीसाठी दोन जाड पुस्तकांमध्ये माझं डोकं धरलं. लांबी 18.4 सेंटिमीटर, रुंदी 14.6. निर्देशांक 79.3, म्हणजे मी मध्यम. चहा झाल्यावर पुन्हा मोजलं. लांबी 18.2, रुंदी 14.7. निर्देशांक 80.8. दोन मिलिमीटर इकडे, एक तिकडे, आणि एका चहात माझं डोकं मध्यमचं रुंद झालं!

चांगलं मॅन्युअल म्हणूनच एकच माप दोघांना, किंवा एकालाच दोनदा घ्यायला लावतं आणि फरकाचा हिशेब मागतं. प्रत्येक जोडीतल्या फरकाचा वर्ग, त्यांची बेरीज, तिला जोड्यांच्या दुपटीनं भागायचं, मग वर्गमूळ. याला मापनाची तांत्रिक चूक म्हणतात. मला ही त्या पुस्तकातली सगळ्यांत प्रामाणिक ओळ वाटते. तुझा हात किती हलतो ते आधी सांग, मग लोकांच्या डोक्यांबद्दल बोल.

आणि डोकं स्वतःही बदलतं. फ्रान्झ बोआस यांनी 1910च्या सुमारास अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांची आणि त्यांच्या मुलांची मिळून सतराएक हजार माणसं मोजली. तिथे जन्मलेल्या मुलांच्या डोक्याचा आकार आईबापांपेक्षा वेगळा निघाला. बदल किती मोठा यावर 2002-03 मध्ये पुन्हा वाद झाला. पण डोक्याचा आकार हा वंशाचा न पुसणारा शिक्का आहे, या समजुतीला पहिला धक्का बोआस यांनीच दिला होता.

बर्लिनमधल्या 149 कवट्या

इथे इरावती कर्वे यांचं नाव यायलाच हवं. ‘युगान्त’ लिहिणाऱ्या इरावतीबाई सगळ्यांना माहीत असतात, पुण्यात स्कूटर चालवणाऱ्याही. कॅलिपर हातात घेतलेल्या इरावतीबाई त्या मानानं कमी माहीत.

1920च्या दशकाच्या अखेरीस त्या बर्लिनला गेल्या आणि कैसर विल्हेल्म संस्थेत ऑयगेन फिशर यांच्या हाताखाली पीएच.डी. करू लागल्या. हेच फिशर पुढे नाझींच्या वंशविज्ञानाचे मोठे आधार झाले. त्यांचा कयास असा की गोऱ्या युरोपियनांची कवटी उजव्या-डाव्या बाजूंनी जास्त विषम असते आणि ती त्यांच्या वरचढ बुद्धीची खूण आहे. इरावतीबाईंनी 149 कवट्या मोजल्या. विषमता सगळीकडे होती, पण तिचा वंशाशी काही संबंध दिसला नाही. त्यांनी तसंच लिहून दिलं. गुरू फिशर, शहर परकं, वय पंचविशीच्या आत. माझ्या सहा खऱ्या रीडिंगांची आठवण मला इथे नेहमी येते.

1939 पासून त्या डेक्कन कॉलेजात होत्या. गावोगाव फिरून त्यांनी महाराष्ट्रातल्या लोकांची मापं घेतली आणि त्या आकड्यांवर वि. म. दांडेकरांसोबत 1951 मध्ये पुस्तक काढलं. जाती-जमातींची अशी मोजणी आज कोणी त्याच भाषेत करणार नाही.

हाडं काय सांगतात

मॅन्युअलचा सर्वांत जाड भाग हाडांचा. भाचीच्या वर्गात प्लास्टिकचे साचे आहेत, घरी टेक्सास विद्यापीठाच्या ‘ई-स्केलेटन्स’वर बघता येणारी चित्रं. माकड, वानर आणि माणूस शेजारी ठेवून काही गोष्टी शोधायच्या असतात. मज्जारज्जू शिरतो ते भोक कवटीच्या मागे आहे की खाली? खाली असेल तर प्राणी दोन पायांवर ताठ चालणारा. खालच्या दाढेवर पाच उंचवटे आणि मधे इंग्रजी वायसारखी खाच असेल तर वानराच्या कुळातला. दात मोजायचे: आपल्या जबड्याच्या प्रत्येक पावात दोन पटाशीचे, एक सुळा, दोन उपदाढा, तीन दाढा. दक्षिण अमेरिकेतल्या बऱ्याच माकडांना एक उपदाढ जास्त.

या कौशल्याचं आपल्या जवळचं उदाहरण पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात घोडनदीकाठी आहे. इनामगावला डेक्कन कॉलेजनं 1968 ते 1983 पर्यंत उत्खनन केलं. ताम्रपाषाणयुगातली ती माणसं लहान मुलांना घराच्या जमिनीखाली, तोंडाला तोंड लावलेल्या दोन रांजणांत पुरत. मोठ्यांना पुरताना घोट्याखालचे पाय तोडत. का, याचे तर्क पुष्कळ आहेत. जॉन लुकाक्स आणि सुभाष वाळिंबे यांनी त्या मुलांच्या दुधाच्या सुळ्यांवर लहान खळगे नोंदवले. इनॅमल घडत असताना बाळाला काहीतरी कमी पडलं, याची ती खूण. हजारो वर्षांपूर्वीच्या बाळाचे हाल असे वाटाणाभर दातावरून कळतात.

ती कवटी कोणाची?

हा प्रश्न जुन्या मॅन्युअलांत नसायचा, हल्ली पहिल्या पानांत येऊ लागलाय. 1985 मध्ये भारत सरकारनं बंदी घालेपर्यंत मानवी सांगाडे परदेशी पाठवण्याचा मोठा धंदा कोलकात्यातून चाले. अमेरिका-युरोपातल्या कित्येक प्रयोगशाळांच्या कपाटांत आजही ती हाडं आहेत. नाव नाही, गाव नाही, परवानगी तर नाहीच. भाचीनं हे वाचलं तेव्हा ती थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, “आपलं प्लास्टिकचंच बरं.”

वाळवंटातली सहल

हिवाळ्यात आम्ही गाडी काढून शारजातल्या म्लेहा भागात गेलो. तिथल्या जबल फाया डोंगराच्या निवाऱ्यात माणसानं घडवलेली सुमारे सव्वा लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली, त्याबद्दलचा लेख 2011 मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. आफ्रिकेतून माणूस बाहेर कधी आणि कुठल्या वाटेनं पडला, या प्रश्नात त्यामुळे अरबस्तान आलं. जवळच्या जबल बुहैसला सात हजार वर्षांपूर्वीच्या पशुपालकांची मोठी दफनभूमी आहे.

भाचीनं वही आणली होती. फायाच्या निवाऱ्याचं तोंड तिनं पावलांनी मोजलं, एकदा जाताना, एकदा येताना. आकडे जुळले नाहीत. गाडीत बसल्यावर तिनं दोन्ही पेन्सिलनं लिहिले, आणि परतीच्या वाटेवर घराजवळचा इब्न बतूता मॉल येईपर्यंत वर्गमूळ काढत बसली होती.