रंगीत पानांचीं झाडें आणि उन्हाचें माप

बेटेगांव-बोईसरकडे चिकू-नारळाच्या वाडीच्या कडेला शोभेच्या झाडांच्या कुंड्या तयार करून विकूं पाहणाऱ्या बागाईतदारानें एक गोष्ट पक्की ध्यानांत ठेवावी, ती ही कीं, ह्या मालाची किंमत पानांच्या रंगावर ठरते. हिरवें पडलेलें क्रोटन गिऱ्हाईक परत ठेवतें, आणि करपलेलें फुकटहि नेत नाहीं. असें झालें म्हणजे पुष्कळजण खत वाढवितात. पण दोष बहुधा खताचा नसून उजेडाचा असतो.

पानाचा हिरवा रंग हरितद्रव्याचा होय. तेंच उजेडाच्या साहाय्यानें झाडाचें अन्न तयार करतें. उजेड अपुरा पडला म्हणजे हिरवा रंग बळावतो व पिवळा त्याखालीं झांकला जातो. तांबडा-जांभळा रंग तर पुष्कळ झाडांत प्रखर उजेडापासून पानाच्या रक्षणार्थ उत्पन्न होतो. सावलींत तो नीट तयारच होत नाहीं. उलटपक्षीं पांढऱ्या भागांत हरितद्रव्य फारच थोडें असतें, म्हणून कडक उन्हांत तोच प्रथम करपतो.

तेव्हां सर्व कुंड्या एकाच मांडवाखालीं ठेवणें चूक होय. क्रोटन व अकॅलिफा ह्यांस दिवसांतून चार-पांच तास तरी मोकळें ऊन पाहिजे. कोलियस व तांबडी कॉर्डिलिन ह्यांस सकाळचें कोंवळें ऊन व दुपारीं सावली मानवते. कॅलेडियम हें अळूच्या कुळांतलें, दक्षिण अमेरिकेच्या रानांत मोठ्या झाडांखालीं वाढणारें. त्यास व अग्लोनिमास झाडाच्या पानांतून गाळून आलेला उजेड पुरतो. उजेड मापण्यास यंत्र नको. भर दुपारीं पानावर हातभर उंचीवर पंजा धरावा. सावली ठळक व रेखीव पडली तर ऊन कडक, पुसट पडली तर मध्यम, आणि पडलीच नाहीं तर ती जागा रंगीत पानांस काळोखाची समजावी.

हें माप वर्षभर सारखें राहत नाहीं. आपल्या टापूंत सूर्य मे महिन्याच्या उत्तरार्धांत व पुन्हां जुलैच्या उत्तरार्धांत दुपारीं माथ्यावर येतो. मधल्या काळांत तो किंचित् उत्तरेस असतो. डिसेंबरांत तोच दक्षिणेस इतका कलतो कीं, दुपारींहि घराची व झाडांची सावली उत्तरेकडे लांब पसरते. म्हणून घराच्या उत्तरेकडील जी जागा हिंवाळ्यांत थंड छायेची, तीच मे महिन्यांत कुंड्या भाजून काढते. पावसाळ्यांत सूर्य उंच असूनहि ढगांमुळें उजेड फार घटतो. त्या वेळीं चिकूच्या दाट सावलींतील क्रोटनें मोकळ्यावर काढावीं. पुढें आश्विनांत आभाळ निवळून एकाएकीं ऊन तापतें, तेव्हां कोंवळ्या पानांवर झावळ्यांची विरळ ताटी किंवा ५० टक्के सावलीची जाळी घालावी.

जागा बदलणें तें क्रमानें. सावलींतील कुंडी प्रथम तीन-चार दिवस फक्त सकाळच्या उन्हांत ठेवावी, मग दर दोन-तीन दिवसांनीं तासभर ऊन वाढवावें. पंधरा दिवसांत झाड सरावतें. करपलेलें पान पुन्हां सुधारत नाहीं, नवीन पानाचीच वाट पाहावी लागते. घरांत ठेवण्यासाठीं विकावयाचीं झाडेंहि अशींच हळूहळू सावलीस सरावलेलीं असावीं; नाहींतर क्रोटन गिऱ्हाइकाच्या घरीं जाऊन पानें गाळतें व बोल मात्र विकणारास लागतो. पावसाळ्यानंतर कॅलेडियमचीं पानें सुकून पडतात, तो मात्र उजेडाचा दोष नव्हे. त्याची ती विश्रांति होय. कंद कोरडे ठेवून उन्हाळ्याच्या अखेरीस लावावे.

गुटी बांधतांना सावलींतल्या फांदीवरून जातीची पारख करूं नये. उन्हाकडील फांदीवरच तिचा खरा रंग दिसतो. ज्यांस आमच्या म्हणण्याचा प्रत्यय पाहावयाचा असेल त्यांनीं एकाच क्रोटनाच्या तीन गुट्या घ्याव्या आणि एक उघड्यावर, एक जाळीखालीं व एक चिकूखालीं अशा दसऱ्यापासून होळीपर्यंत ठेवाव्या. माती, खत व पाणी सारखेंच द्यावें. मग तिहींची किंमत बाजारांत स्वतःच विचारून पाहावी.