पोट सुटले म्हणजे भरभराट नव्हे

अंग धरलेल्या, पोट पुढे आलेल्या माणसाला 'खात्यापित्या घरचा' म्हणण्याची आपल्याकडे रीत आहे. आपल्या समाजात या म्हणण्याला एक जुना संदर्भही आहे. ज्यांच्या आजा-पणजाने शिळ्या तुकड्यांवर दिवस काढले, त्यांच्या नातवाच्या शर्टाच्या गुंड्या ताणल्या गेल्या, तर घरच्या म्हाताऱ्यांना धन्य वाटले यात नवल नाही. परंतु पोट भरणे वेगळे आणि पोट सुटणे वेगळे. पोटभर अन्न हा आपला हक्क आहे. सुटलेले पोट मात्र मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकाराला घरात बोलावते. बाबासाहेबांची अखेरची वर्षे मधुमेहाने किती खडतर केली, हे आपण सारे जाणतो. म्हणून हा 'श्रीमंतांचा रोग' आहे असे समजून कोणी निर्धास्त राहू नये.

वजनकाटा अर्धेच सांगतो

एकाच उंचीची आणि एकाच वजनाची दोन माणसे असली, तरी दोघांना धोका सारखा नसतो. चरबी किती आहे याबरोबरच ती कोठे साठली आहे, हे पाहावे लागते. मांड्यांवर आणि नितंबांवर कातडीखाली साठलेली चरबी तुलनेने कमी त्रासाची. पोटाच्या आत, आतड्यांभोवती साठलेली चरबी मात्र घातक. तिच्यातून सुटणारी द्रव्ये थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात, यकृतातही चरबी धरू लागते, इन्सुलिनचा प्रभाव कमी होतो आणि रक्तातली साखर वाढते.

फ्रान्समधील मार्सेय शहराचे डॉ. जाँ वाग यांनी १९४७ सालीच हा फरक दाखवून दिला होता. १९८४ मध्ये स्वीडनच्या गोथेनबर्ग शहरातील संशोधकांनी कंबर आणि नितंब यांच्या मापांचे गुणोत्तर व हृदयविकार यांचा संबंध मांडला. पुढे ५२ देशांतील सुमारे २७ हजार लोकांच्या अभ्यासातून २००५ मध्ये असे पुढे आले, की हृदयविकाराच्या झटक्याचा अंदाज उंची-वजनाच्या हिशेबापेक्षा या गुणोत्तरावरून अधिक चांगला येतो. या देशांत भारतही होता.

आपल्या पुण्याचे उदाहरण तर बोलके आहे. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३ होता. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. २००४ साली त्यांनी स्वतःचीच ही गोष्ट छापून आणली. पुण्याजवळच्या सहा खेड्यांत १९९३ पासून झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तेथील बाळे सरासरी २.७ किलोची, म्हणजे इंग्लंडच्या बाळांपेक्षा पुष्कळ हलकी. परंतु त्यांच्या अंगात स्नायू कमी आणि वजनाच्या मानाने चरबी जास्त. आईच्या पोटात असताना झालेली उपासमार पुढे मधुमेहाची वाट मोकळी करते, अशी डॉ. याज्ञिक यांची मांडणी आहे. म्हणजे हातपाय काडीसारखे आणि पोट तेवढे पुढे, अशी जी माणसे आपण रोज पाहतो, त्यांना 'बारीक आहे, काही होणार नाही' म्हणून सोडून देणे धोक्याचे आहे.

माप कसे घ्यावे

यासाठी डॉक्टर नको, यंत्र नको. शिलाईची टेप पुरे. फक्त ती ताणली जाणारी नसावी. पाय जुळवून, हात सैल सोडून सरळ उभे राहावे. पोट आत ओढू नये. बाजूला बोटांनी चाचपून शेवटची बरगडी शोधावी, मग कमरेच्या हाडाचा वरचा काठ शोधावा. या दोहोंच्या बरोबर मध्ये टेप धरावी. टेप चोहोबाजूंनी जमिनीला समांतर हवी, अंगाला टेकलेली हवी, पण रुतलेली नको. श्वास सहज बाहेर सोडल्यावर आकडा वाचावा. हे कमरेचे माप. मग नितंब जेथे सर्वांत रुंद असतात तेथे, म्हणजे शिंपी ज्याला 'सीट' म्हणतो तेथे, दुसरे माप घ्यावे. मापे अंगावर किंवा पातळ कपड्यावरून, दोनदा घ्यावीत. दोन्ही वेळी एक सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक पडला तर पुन्हा घ्यावीत.

आता कमरेच्या आकड्याला नितंबाच्या आकड्याने भागावे. इंच असोत वा सेंटिमीटर, उत्तर तेच येते. कंबर ३६ इंच आणि नितंब ३८ इंच असेल तर उत्तर ०.९५. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते पुरुषांमध्ये ०.९० आणि स्त्रियांमध्ये ०.८५ किंवा त्याहून अधिक आकडा धोक्याचा. नुसती कंबर पाहायची तर भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर (सुमारे साडेपस्तीस इंच) आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) ही मर्यादा डॉक्टर मंडळी मानतात.

भागाकार जमत नसेल तर आपल्या उंचीइतकी सुतळी घ्यावी, ती दुहेरी करावी आणि कमरेभोवती गुंडाळून पाहावी. टोके एकमेकांना भिडली नाहीत तर कंबर उंचीच्या निम्म्याहून जास्त आहे. कंबर निम्म्याच्या आत ठेवा, असा सल्ला ब्रिटनच्या आरोग्य-मार्गदर्शक संस्थेनेही २०२२ मध्ये दिला आहे.

पँटच्या नंबरावर जाऊ नका

'दहा वर्षे झाली, माझा नंबर चौतीसच आहे,' असे पुष्कळ बांधव अभिमानाने सांगतात. पण पट्टा पोटाखाली सरकलेला असतो! परकराच्या नाडीचेही तसेच. ती पोट टाळून बसते. टेप मात्र भीड ठेवत नाही.

तरीही हा अंदाज आहे, निदान नव्हे. आतली चरबी किती आणि कातडीखालची किती, हे टेपला कळत नाही. कंबर ४४ आणि नितंब ५० इंच असतील तर पुरुषाचा आकडा ०.८८ येतो, पण त्याची कंबर मर्यादेच्या कितीतरी पुढे गेलेली असते. म्हणून दोन्ही आकडे वहीत लिहावेत. गरोदर व नुकत्याच बाळंत झालेल्या भगिनी, लहान मुले आणि पोटात पाणी झालेले रुग्ण यांना हे मोजमाप लागू नाही.

आपण एकटे नाही

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील ५६.७ टक्के स्त्रिया आणि ४७.७ टक्के पुरुष या गुणोत्तराच्या धोक्याच्या रेषेवर किंवा पलीकडे आढळले. तेव्हा यात लाज वाटण्यासारखे काही नाही. आकडा जास्त आला तर साखर व रक्तदाब तपासून घ्यावा. तीस वर्षांवरील सर्वांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. आशाताई जो फॉर्म भरतात त्यातही कमरेच्या मापाचा रकाना आहे. तो अंदाजाने भरू देऊ नका.

पोट उतरवणारे पट्टे आणि तेले यांवर कष्टाचा पैसा घालवू नये. रोज अर्धा तास झपाझप चालावे. चहातली साखर, तळण, रात्रीचा भाताचा ढीग कमी करावा. डाळ, उसळ, भाजी वाढवावी. दारू तर पंचशील घेतलेल्या घरात नकोच. घरातल्या बाईने सगळ्यांचे झाल्यावर उरलेले संपवायचे, ही रीत मोडावी. तिनेही वेळेवर, सर्वांच्या पंगतीत जेवावे. मुलींच्या ताटात दूध, अंडी, डाळ मुलांइतकीच पडली पाहिजे, कारण उद्याच्या बाळाचे शरीर तेथूनच घडते.

संयुक्त निकायात कोसलचा राजा पसेनदी याची कथा आहे. तो भाताचे मोठे माप फस्त करून धापा टाकीत तथागतांकडे आला. भगवंतांनी त्याची थट्टा केली नाही, उपासही सांगितला नाही. मात्रा ओळखून जेवण्याचा उपदेश केला. राजाने तो उपदेश सुदस्सन नावाच्या तरुणाकडून रोज जेवताना म्हणवून घेतला आणि हळूहळू आहार कमी करीत तो सडपातळ झाला. राजालाही रोज आठवण करून देणारा कोणीतरी लागला, हे ध्यानात घ्यावे.

आम्ही आमच्या महिला मंडळांना आणि तरुण मंडळांना सुचवतो, की येत्या रविवारी वंदनेनंतर विहारात एक टेप आणि एक वही ठेवावी. भगिनींची मापे भगिनींनी आडोशाला घ्यावीत, बांधवांची बांधवांनी. आकडा ज्याचा त्याला सांगावा, चारचौघांत वाचू नये. तीन महिन्यांनी पुन्हा मोजावे. त्या वहीत दोन बोटे कंबर उतरलेली दिसली, तरी त्या घरातले एक संकट लांबले असे समजावे.