छायाचित्राच्या काठावरचा माणूस

नाम आणि रूप हीं दोन्ही आपल्या शास्त्रकारांनीं जोडीनें सांगितलीं आहेत. छायाचित्रांत रूप तेवढें उतरतें. नाम कोणी लिहून ठेविलें तरच राहतें. छत्तीस वर्षें मुलांना संस्कृत शिकविणाऱ्या मला ही साधी गोष्ट माझ्या नातीनें गेल्या उन्हाळ्यांत शिकविली. ती कशी, हें वाचकांस सांगावें म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी नात पुण्यास ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास करते. अभ्यासाचा भाग म्हणून तिला पन्नास जुनीं छायाचित्रें संगणकावर उतरवून प्रत्येकाची सविस्तर नोंद करावयाची होती. अशा नोंदीस 'मेटाडेटा' म्हणतात. आपण वर्णननोंद म्हणूं. तिनें माझी ट्रंक उघडून शाळेंतील समूहचित्रें बाहेर काढलीं. मीं मनांत म्हटलें, हें दोन दुपारचें काम. प्रत्यक्षांत पहिल्याच चित्रास एक दुपार पुरली नाहीं.

नोंदीसाठीं तिच्यापुढें पंधरा रकान्यांचा एक तक्ता होता. त्यास 'डब्लिन कोअर' असें नांव आहे. हें डब्लिन आयर्लंडांतील नव्हे. अमेरिकेंतील ओहायो राज्यांत त्याच नांवाचें गांव आहे. तेथें १९९५ सालीं ग्रंथपाल व संगणकतज्ज्ञ एकत्र जमले आणि त्यांच्या विचारविनिमयांतून हा तक्ता पुढें आकारास आला. २००३ सालीं त्यास आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. शीर्षक, कर्ता, विषय, वर्णन, दिनांक, भाषा, हक्क अशा प्रकारचे ते रकाने. वाचावयास सोपे, परंतु भरूं लागलें म्हणजे कस लागतो.

दिनांकाचेंच पाहा. संगणक फाईलीवर आपण होऊन एक तारीख घालतो. परंतु ती चित्र स्कॅन केल्याची, काढल्याची नव्हे. नवशिके येथेंच फसतात, असें नात म्हणाली. आमच्या चित्राच्या पाठीमागें 'स्नेहसंमेलन' एवढाच शब्द होता. मीं ठासून सांगितलें, "लिही, १९९३." ती म्हणाली, "आजोबा, पुरावा काय?" मग आम्ही भिंग घेऊन बसलों. मधल्या खुर्चीवरील मुख्याध्यापक १९९१ सालीं रुजू झाले. मागें सभागृहाचा जिना दिसत नाहीं. तो १९९४ च्या उन्हाळ्यांत बांधला. तेव्हां तिनें '१९९१ ते १९९४ च्या दरम्यान' असें लिहिलें, आणि माझी आठवण वेगळी नोंदविली. माझ्या खात्रीपेक्षां तिचा संशय अधिक प्रामाणिक होता, हें मला कबूल करावें लागलें.

विषयाच्या रकान्यांतही मनास येईल तो शब्द चालत नाहीं. एकानें 'स्नेहसंमेलन', दुसऱ्यानें 'गॅदरिंग' आणि तिसऱ्यानें 'वार्षिक समारंभ' असें लिहिलें, तर शोधणाऱ्यास तीं चित्रें एकत्र सांपडावींत कशीं? म्हणून एक शब्द मुख्य ठरवून बाकीचे त्याच्याकडे वळते करावयाचे. मला हंसूं आलें. अमरसिंहानें पर्यायशब्द वर्गवार बांधून ठेविले, ते मीं लहानपणीं मुखोद्गत केले होते. त्या पाठांतराचा नातीच्या संगणकाशीं असा संबंध असेल, हें मला साठी उलटल्यावर कळलें.

पुढें वर्णनाचा रकाना आला. चित्राच्या पुठ्ठ्यावर नांवांची यादी होती. ती मीच लिहिलेली. खुर्चीवर बसलेले, मागें उभे, खालीं बसलेले, सर्वांचीं नांवें क्रमानें. नात एकेक चेहरा यादीशीं ताडून पाहत होती. उजव्या टोकाशीं ती थांबली.

"आजोबा, हे कोण? हे यादींत नाहींत."

खाकी सदऱ्यांतला एक माणूस, हातांत घंटेचा हातोडा. "तो शाळेचा शिपाई," मी म्हणालों.

"नांव?"

आम्ही सारे त्यांना ज्या एकेरी नांवानें हाक मारीत असूं, तें मीं सांगितलें. तिनें वडिलांचें नांव विचारलें, आडनांव विचारलें. मला सांगतां येईना. एकवीस वर्षें त्यांनीं घंटा द्यावी आणि मीं वर्गावर जावें, असा क्रम चालला होता.

नात मला टाकून बोलली नाहीं. तिनें संगणकावर एक दुसरें चित्र दाखविलें. १९३६ च्या मार्च महिन्यांत कॅलिफोर्नियांतील निपोमो येथें, वाटाणे तोडणाऱ्या मजुरांच्या तळावर, डोरोथिया लँग या बाईंनीं तें काढलें. ते महामंदीचे दिवस. चित्रांत एक चिंताक्रांत आई, तिच्या खांद्यांशीं तोंडें लपविलेलीं दोन मुलें, आणि मांडीवर तान्हें मूल. त्या काळीं अमेरिकी सरकारनें काढविलेल्या चित्रांच्या सुमारें १,७५,००० कृष्णधवल निगेटिव्ह वॉशिंग्टनच्या 'लायब्ररी ऑफ काँग्रेस'मध्यें जतन केल्या आहेत. त्यांतील हें सर्वांत प्रसिद्ध चित्र. नोंदींत गांव होतें, सात मुलांची आई असें होतें, वय ३२ होतें. नांव मात्र नव्हतें. आपण तें विचारलेंच नाहीं, असें लँगबाईंनीं १९६० सालीं स्वतः लिहिलें. ती स्त्री कोण, हें १९७८ सालीं उजेडांत आलें: फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन, चेरोकी या मूळच्या अमेरिकी जमातीच्या वंशांतील. बेचाळीस वर्षें जगाला तिचा चेहरा ठाऊक होता आणि नांव ठाऊक नव्हतें.

लँगबाई त्या तळावर थोडाच वेळ होत्या. मी एकवीस वर्षें होतों.

दुसऱ्या दिवशीं मीं जुन्या विद्यार्थ्यांना फोन लावले. तिसऱ्या दिवशीं त्या गृहस्थांच्या मुलाचा ठावठिकाणा लागला. वडिलांना जाऊन नऊ वर्षें झालीं होतीं. मीं चित्र पाठविलें, आणि थोड्याच वेळांत त्यांचा फोन आला. "सर, बाबांचा त्या वयांतला फोटो आमच्या घरांत एकही नाहीं," ते म्हणाले, आणि कांहीं वेळ बोललेच नाहींत. मग त्यांनीं पूर्ण नांव सांगितलें व एक विनंती केली. "नुसतें शिपाई लिहूं नका, सर. पटांगणांतले कडुनिंब त्यांनीं लावले. तेंही लिहा." त्या कडुनिंबांच्या सावलींत मीं कित्येक उन्हाळे वर्ग घेतले, तीं झाडें कोणी लावलीं, हा प्रश्न मला कधीं पडला नव्हता.

नातीनें दोन्ही गोष्टी नोंदींत घातल्या. येथें मीं तें नांव दिलेलें नाहीं, कारण मुलाची अनुमति नोंदीपुरतीच मागितली होती. हक्कांच्या रकान्याचें महत्त्व मला त्या वेळीं पटलें.

आजचा मोबाइल चित्रासोबत तारीख व वेळ आपोआप टिपतो; मुभा दिली तर स्थळही टिपतो. परंतु काठावर उभें असलेलें माणूस कोण आणि त्यानें काय केलें, हें त्यास कोणी सांगावें लागतें. वाचकहो, आपल्या घरीं पुठ्ठ्यावर चिकटविलेलीं चित्रें असतीलच. त्यांत लग्नानंतर माहेरचें नांव पुसलें गेलेल्या आज्या-पणज्या आहेत. स्वयंपाकघराच्या दारांत अर्धवट दिसणारी एखादी बाई आहे. त्यांना ओळखणारें वडील माणूस घरांत आहे तोंवर एक दुपार त्याच्यापाशीं बसावें. चित्राच्या पाठीवर मऊ पेन्सिलीनें, डावीकडून उजवीकडे, पूर्ण नांवें लिहावींत. खात्री नसेल तेथें 'अंदाजें' हा शब्द घालण्यास लाजूं नये.

माझ्या पुठ्ठ्यावरील यादीस मीं आतां एक ओळ जोडली आहे. अक्षर माझेंच आहे; पूर्वींपेक्षां थोडें कांपरें झालें आहे.