दूध आटण्याची प्रक्रिया : स्तनपान न देण्याचा निर्णय आणि मातेची निगा

प्रस्तावना

स्तनपानाचे महत्त्व विशद करणारे लेखन मराठीत विपुल आहे. दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट या काळात साजऱ्या होणाऱ्या जागतिक स्तनपान सप्ताहानिमित्त महाविद्यालयांत व्याख्याने होतात, भित्तिपत्रके लागतात. पहिले सहा महिने बाळाला केवळ आईचेच दूध द्यावे, ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारसही आता सर्वपरिचित झाली आहे. ती शिफारस योग्यच आहे. तथापि या लेखनात एका प्रश्नाला क्वचितच स्थान मिळते. ज्या मातेने बाळाला अंगावर पाजायचे नाही असे ठरविले आहे, अथवा जिला परिस्थितीमुळे ते ठरवावे लागले आहे, तिच्या स्तनांत येणाऱ्या दुधाचे पुढे काय होते? निर्णय झाला म्हणून दूध येणे थांबत नाही, आणि त्यानंतरचे आठ-दहा दिवस बहुतेक स्त्रिया अपुऱ्या माहितीवर काढतात.

या निर्णयामागील कारणे एकसारखी नसतात. कर्करोगावरील रसायनोपचारासारख्या काही उपचारांच्या काळात स्तनपान वर्ज्य ठरते. गॅलॅक्टोसेमिया या जन्मजात विकारात बाळालाच आईचे दूध पचत नाही. एचआयव्हीबाधित मातांच्या बाबतीत मात्र २०१० च्या जागतिक मार्गदर्शक सूचनांनंतर चित्र बदलले असून, औषधोपचार सुरू असताना स्तनपान देण्याचा पर्याय त्यांच्यासाठी खुला झाला आहे. काही स्त्रिया पहिल्या बाळंतपणातील क्लेशदायक अनुभवामुळे, मानसिक स्वास्थ्यासाठी किंवा केवळ स्वेच्छेने वरच्या दुधाचा पर्याय स्वीकारतात. १९९२ च्या शिशुदुग्धपर्याय कायद्याने (२००३ मध्ये सुधारित) निर्बंध घातले ते उत्पादकांच्या जाहिरातीवर व वितरणावर, मातेच्या निवडीवर नव्हे. हा भेद आरोग्यसेवेतील व्यक्तींच्याही नेहमी लक्षात राहतो असे नाही. पावडरचे दूध हा शब्द उच्चारताच मातेला उपदेश ऐकावा लागतो आणि तिच्या दुखणाऱ्या स्तनांचा विषय तसाच राहून जातो.

परंपरेतील एक मौन

मराठी घरांतील बाळंतिणीचा आहार मुख्यतः दूध वाढविण्याच्या हेतूने आखलेला आहे. अळिवाचे लाडू, खसखशीची खीर, शतावरी कल्प, बाळंतशेपा ही त्याची ठळक उदाहरणे होत. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात औषधींचे जे पन्नास महाकषाय सांगितले आहेत, त्यांत स्तन्यजनन म्हणजे दूध उत्पन्न करणारा आणि स्तन्यशोधन म्हणजे दूध शुद्ध करणारा असे दोन स्वतंत्र गट आहेत. दूध आटविणारा गट मात्र त्या पन्नासांत नाही. उलट गोठ्यात हेच ज्ञान रोजच्या व्यवहाराचे आहे. गाभण गाय विण्यापूर्वी साधारण दोन महिने आटवावी लागते आणि त्यासाठी तिची धार काढणे बंद करावे लागते, हे कोणताही शेतकरी सांगू शकतो. मानवी मातेच्या बाबतीतही मूळ तत्त्व तेच आहे, त्यामुळे हा दाखला अप्रस्तुत ठरू नये.

दूध येणे आणि आटणे : शरीरशास्त्रीय आधार

गर्भावस्थेच्या मध्यापर्यंत स्तनांतील ग्रंथी दूधनिर्मितीस सक्षम होतात. परंतु वारेतून स्रवणारे प्रोजेस्टेरॉन हे संप्रेरक दुधाला रोखून धरते. प्रसूतीनंतर वार पडली की प्रोजेस्टेरॉनची पातळी झपाट्याने खाली येते, प्रोलॅक्टिनचा प्रभाव मोकळा होतो आणि साधारण दुसऱ्या ते चौथ्या दिवशी छाती भरून येते. बाळ स्तनाला लागले अथवा नाही, याच्याशी या पहिल्या टप्प्याचा फारसा संबंध नसतो. म्हणूनच ज्या स्त्रीने एकदाही पाजलेले नाही तिलाही पान्हा येतो. गर्भ सुमारे १६ आठवड्यांचा झाल्यानंतर तो गमावलेल्या स्त्रीलाही दूध येऊ शकते, आणि याची पूर्वकल्पना तिला बहुधा कोणी दिलेली नसते.

पुढचा टप्पा वेगळा आहे. येथून दुधाचे प्रमाण प्रामुख्याने स्तन किती रिकामा होतो यावर ठरते. दूध साचून राहिले की ग्रंथींतील सूक्ष्म कोष्ठ ताणले जातात, साचलेल्या दुधातील काही घटक पुढील निर्मितीला स्थानिक पातळीवर अटकाव करतात आणि स्रवण मंदावते. हे नियंत्रण स्थानिक आहे याचा सहज कळणारा पुरावा असा की, एका बाजूने पाजणे बंद केल्यास त्याच स्तनातील दूध आटते, दुसऱ्यातील चालू राहते. साचण्याची ही स्थिती टिकली की दूध तयार करणाऱ्या पेशी क्रमाक्रमाने नष्ट होतात आणि त्यांची जागा पुन्हा मेदपेशी घेतात.

याचा व्यावहारिक अर्थ असा की, दूध आटविण्यासाठी मुख्यतः एकच गोष्ट आवश्यक आहे, ती म्हणजे दूध न काढणे. मात्र हे वाक्य जितके सरळ, तितके ते दिवस सरळ नसतात. तिसऱ्या ते पाचव्या दिवसाच्या सुमारास स्तन दगडासारखे कठीण, गरम व हात लावू न देणारे होतात. आधार देणारी अंतर्वस्त्रे, बर्फाचा शेक व वेदनाशामके एवढ्यावरच भिस्त ठेवणाऱ्या स्त्रियांपैकी एक-तृतीयांशापर्यंत स्त्रियांना तीव्र वेदना होऊ शकतात, असे उपलब्ध अभ्यास दर्शवितात. 'आपोआप बरे होईल' हे आश्वासन वैद्यकीयदृष्ट्या खरे असले तरी त्या तीन-चार दिवसांत ते पुरेसे नसते. बहुतेकींचा त्रास आठ-दहा दिवसांत ओसरतो. थेंबभर दूध मात्र पुढे कित्येक आठवडे येऊ शकते आणि त्यात काळजीचे कारण नाही.

या काळात घट्ट न आवळणारी पण नीट आधार देणारी अंतर्वस्त्रे रात्रंदिवस वापरणे, कापडात गुंडाळलेल्या बर्फाचा थोडा-थोडा वेळ शेक घेणे आणि डॉक्टरांच्या सल्ल्याने पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन घेणे उपयुक्त ठरते. गरम पाण्याची धार छातीवर घेऊ नये, कारण उष्णतेने पान्हा सुटतो. ताण असह्य झाल्यास हाताने थोडे दूध काढण्यास हरकत नाही. ते केवळ ताण उतरण्यापुरते असावे, स्तन रिकामा करू नये. आधीपासून पाजत असलेल्या मातेने एकदम थांबण्याऐवजी दर दोन-तीन दिवसांनी एकेक पाजणे कमी करणे हितावह असते. स्तनाच्या एका भागात लाल, दुखरा पट्टा उमटून थंडी-ताप आल्यास तो दूध आटण्याचा भाग न मानता त्वरित उपचार घ्यावेत.

छाती कापडाने करकचून बांधण्याची पद्धत अनेक देशांत रूढ होती. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका तुलनात्मक अभ्यासात, बांधून घेतलेल्या स्त्रियांना आधाराची अंतर्वस्त्रे वापरणाऱ्या स्त्रियांपेक्षा अधिक दुखरेपणा जाणवल्याचे दिसून आले. पाणी कमी प्यावे या सल्ल्यालाही आधार नाही; बाळंतिणीला त्याने अपायच अधिक. कोबीच्या पानांचा गारवा सुखावतो, याहून अधिक दावा सध्या करता येत नाही.

औषधांचा वादग्रस्त इतिहास

विसाव्या शतकाच्या मध्यास पाश्चात्त्य देशांत बाटलीच्या दुधाचा प्रसार झाला, तेव्हा दूध आटविण्यासाठी इस्ट्रोजेनवर्गीय संप्रेरके सर्रास दिली जात. त्यांच्यामुळे बाळंतिणींच्या रक्तवाहिन्यांत गुठळ्या होण्याचा धोका वाढतो हे १९६० च्या दशकात ब्रिटनमध्ये निदर्शनास आले आणि अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने १९७८ मध्ये या वापराची मान्यता काढून घेतली. त्यांची जागा ब्रोमोक्रिप्टिनने घेतली. हे औषध प्रोलॅक्टिन कमी करते. पण त्याच्या वापरानंतर उच्च रक्तदाब, झटके, पक्षाघात व हृदयविकार यांच्या नोंदी होत गेल्या. १९९५ मध्ये अमेरिकेत या कारणासाठीची त्याची मान्यता रद्द झाली. युरोपात २०१४ मध्ये त्याचा नित्य वापर अमान्य करून, बाळाचा मृत्यू अथवा मातेचा एचआयव्ही यांसारख्या वैद्यकीय कारणांपुरताच तो मर्यादित करण्यात आला. निरोगी स्त्रीच्या तात्पुरत्या त्रासासाठी किती धोका पत्करावा, हा प्रश्न वैद्यकाने स्वतःला उशिरा विचारला, असे म्हणावे लागते.

आज कॅबरगोलिन हे औषध प्राधान्याने वापरले जाते. प्रसूतीनंतर पहिल्या दिवसात १ मिलिग्रॅमची एकच मात्रा, किंवा दूध सुरू झालेले असल्यास ०.२५ मिलिग्रॅमच्या चार मात्रा दर बारा तासांनी, अशी त्याची पद्धत आहे. गर्भावस्थेतील उच्च रक्तदाब, हृदयाच्या झडपांचे विकार किंवा प्रसूतीपश्चात मनोविकृतीचा पूर्वेतिहास असलेल्या स्त्रियांना ते देता येत नाही. त्यामुळे दुकानातून परस्पर आणून घेण्याचे हे औषध नव्हे. कॉक्रेन संस्थेच्या २०१२ च्या आढाव्यात ६२ चाचण्यांचा परामर्श घेण्यात आला. पहिल्या आठवड्यातील लक्षणे औषधांनी कमी होतात याला मिळालेला पुरावा दुर्बल असल्याचा त्याचा निष्कर्ष होता.

या संदर्भात एक भारतीय संशोधन विशेष उल्लेखनीय आहे. दक्षिण भारतात बाळंतिणीच्या स्तनांवर मोगऱ्याच्या फुलांचे गजरे बांधून दूध आटविण्याची रूढी आहे. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजमधील संशोधकांनी या रूढीची ब्रोमोक्रिप्टिनशी तुलना करून १९८८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. प्रोलॅक्टिन दोन्ही गटांत घटले, औषधाच्या गटात अधिक घटले. पण स्तनांचा ताठरपणा, दुधाचे प्रमाण आणि वेदनाशामकांची गरज या बाबतींत दोन्ही उपाय सारखेच ठरले. औषध थांबविल्यावर काही स्त्रियांना पुन्हा दूध आले, हेही नोंदविले गेले. अर्थात तुलना दोन उपायांची होती. दूध न काढल्याने ते आटतेच हे लक्षात घेता, या यशातील किती वाटा फुलांचा, किती औषधाचा आणि किती निसर्गक्रमाचा, हे त्यावरून वेगळे करता येत नाही.

गर्भधारणेचा दुर्लक्षित धागा

अंगावर पाजत असताना पाळी लांबते हे घरोघरी माहीत असते. त्याची दुसरी बाजू मात्र सांगितली जात नाही. न पाजणाऱ्या स्त्रीमध्ये स्त्रीबीज प्रसूतीनंतर सुमारे २५ दिवसांतही बाहेर पडू शकते, म्हणजे पहिली पाळी येण्यापूर्वीच गर्भधारणा संभवते. म्हणून गर्भनिरोधनाचा विषय सहा आठवड्यांच्या तपासणीपर्यंत लांबविणे तिच्यासाठी उशिराचे ठरू शकते.

मूल नसलेली माता

बाळ गमावलेल्या स्त्रीच्या बाबतीत दूध आटविणे हा 'निर्णय' म्हणावा का, हाच प्रश्न आहे. काहींना दूध शक्य तितक्या लवकर थांबावे असे वाटते. काहींना तो बाळाचा उरलेला एकमेव धागा वाटतो. तिसरा मार्ग दानाचा आहे. मुंबईच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, म्हणजेच शीव रुग्णालयात, डॉ. अर्मिडा फर्नांडिस यांच्या पुढाकाराने १९८९ मध्ये आशियातील पहिली मातृदुग्धपेढी सुरू झाली, आणि २०१७ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने अशा केंद्रांसाठी राष्ट्रीय मार्गदर्शक सूचना प्रसिद्ध केल्या. निरोगी मातेचे दूध तपासणीनंतर अपुऱ्या दिवसांच्या बालकांना देता येते. ही शक्यता शोकाकुल मातेसमोर ठेवावी, तिचा आग्रह मात्र धरू नये.

रजेचा प्रश्नही येथेच उद्भवतो. केंद्र शासनाच्या कार्मिक व प्रशिक्षण विभागाने सप्टेंबर २०२२ मध्ये मृतजन्म किंवा जन्मानंतर लवकरच बालमृत्यू झाल्यास महिला कर्मचाऱ्यास ६० दिवसांची विशेष प्रसूती रजा लागू केली. त्यासाठी मृतजन्म म्हणजे २८ आठवडे वा त्यानंतरचा, अशी व्याख्या स्वीकारली गेली. त्याआधी गर्भ गेल्यास गर्भपाताची रजा मिळते आणि ती संपूर्ण सेवाकाळात मिळून ४५ दिवसांची असते. विसाव्या आठवड्यात गर्भ गमावून कामावर परतलेल्या स्त्रीलाही त्या दिवसांत दूध येत असू शकते. नियमांच्या परिभाषेत मात्र ती प्रसूत झालेली नसते.