लिव्हर की बोल्ट? तुलनेत नेमकं काय बदलतंय ते बघा

अमेरिकेत हरणाच्या शिकारीसाठी लिव्हर अ‍ॅक्शन रायफल घ्यावी की बोल्ट अ‍ॅक्शन, हा वाद जुना आहे. संशोधनात तुलना कशी करावी, हे त्यातून छान कळतं.

विंचेस्टर १८९४ ही लिव्हरवाली रायफल. लिव्हर खाली-वर केला की पुढचं काडतूस भरलं जातं, त्यामुळे दाट झाडीत दुसरा बार पटकन काढता येतो. पण तिची काडतुसं नळीत एकामागे एक बसतात. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या प्रायमरवर आपटली तर नळीतच स्फोट होऊ शकतो. म्हणून गोळी सहसा चपट्या टोकाची असते, आणि ती हवेत लवकर वेग गमावते. माउझर १८९८ च्या धर्तीवरच्या बोल्ट रायफलीत काडतुसं एकावर एक असतात, त्यामुळे टोकदार गोळी चालते आणि लांबवर मारा करता येतो.

मग ‘लिव्हर लांब पल्ल्याला कमी पडतो’ असा निष्कर्ष काढायचा का? थांबा! सॅव्हेज १८९९ सुद्धा लिव्हरचीच, पण तिचं मॅगझिन फिरतं. तिला टोकदार गोळी चालते. म्हणजे फरक लिव्हरमुळे नव्हता, नळीमुळे होता. यालाच आपण कन्फाउंडिंग व्हेरिएबल म्हणतो.

शिकाऱ्याचा अंदाज चुकला तर हरीण जखमी होऊन पळतं आणि तडफडत मरतं. आपला चुकला तर तीन वर्षांचा डेटा वाया जातो. म्हणून ‘कोणतं चांगलं?’ विचारण्याआधी आपल्या विषयातली ‘सॅव्हेज’ शोधा: दोन कारणांना वेगळं करून दाखवणारं एक उदाहरण.