लाईन आली, कॉम्प्युटर आला नाही
घरचा कॉम्प्युटर : भाग ९

नवतपा लागला की नागपुरात हे चित्र ठरलेलं. दुपारभर पारा पंचेचाळिशीपार, संध्याकाळी आभाळ भरून येतं, वावधान सुटतं, कुठेतरी कडुनिंबाची फांदी तारांवर पडते आणि लाईन जाते. तासाभराने येते तेव्हा कूलर सुरू होतो, फ्रिज सुरू होतो, टेबलाखालचा कॉम्प्युटर मात्र कितीही बटण दाबा, ढिम्म हलत नाही. ‘मदरबोर्ड उडाला’ असा निकाल घरातलं कोणीतरी लगेच देऊन टाकतं. बहुतेक वेळा तो निकाल चुकीचा असतो. मे २०२४ मध्ये नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश तापमान दाखवलं, देशभर बातमी झाली आणि मग कळलं की सेन्सरच बिघडलेला होता. एकाच लक्षणावर विश्वास टाकला की असं होतं.

आधी हे लक्षात घ्या की लाईन जाण्यापेक्षा लाईन येणं धोक्याचं. ती येते त्या क्षणी वस्तीतले सगळे कूलर, फ्रिज, एसी आणि बोअरच्या मोटारी एकदम सुरू होतात. व्होल्टेज दबतं, उसळतं. कधी तर लाईन मिनिटभरात तीनदा येते-जाते, आणि प्रत्येक वेळी कॉम्प्युटरला नवा धक्का बसतो. आपल्या घरात २३० व्होल्ट यायला हवेत, फार तर ६ टक्के कमी-जास्त. पण वादळात न्यूट्रलची तार तुटली तर दोन फेजवरची घरं एकमेकांना जोडल्यासारखी होतात. त्यांच्यात चारशे व्होल्ट वाटले जातात आणि ज्या घरात कमी उपकरणं सुरू असतील तिथे जास्त व्होल्टेज चढतं. बल्ब एकाएकी पांढराफट्ट झाला, पंखा सुसाट सुटला आणि शेजाऱ्याचे दिवे मात्र मंद झाले, तर मेन स्विच बंद करा आणि १९१२ वर तक्रार नोंदवा. कॉम्प्युटरचं नंतर पाहू.

तसं काही नसेल तर तपासणी भिंतीपासून सुरू करायची. त्याच प्लगमध्ये मोबाइलचा चार्जर लावून ‘लाईन आहे’ म्हणू नका. चार्जर १०० व्होल्टवरही चालतो, त्यामुळे कमी व्होल्टेज त्याला कळतच नाही. टेबलफॅन लावून पाहा, तो मंद फिरला तर समजेल. मग मधली मंडळी बाजूला काढा, म्हणजे स्पाइक गार्ड आणि यूपीएस. स्पाइक गार्डमधला संरक्षक भाग उसळी स्वतःवर घेऊन जळतो, त्याचं कामच ते. यूपीएसमधली १२ व्होल्टची बॅटरी २५ अंश तापमान धरून बनवलेली असते, आणि त्यावर दर दहा अंशांना तिचं आयुष्य साधारण निम्मं होतं. आपल्याकडे मे महिन्यात बंद खोलीत ती किती टिकेल, हिशेब तुम्हीच करा. बॅटरी मेली की अनेक स्वस्त यूपीएस लाईन असूनही सुरू होत नाहीत, आणि दोष कॉम्प्युटरच्या माथी जातो. म्हणून तपासण्यापुरती वायर थेट भिंतीत लावा.

एवढं करूनही हालचाल नसेल तर संशयित एसएमपीएस. हा डब्बा लाईनचा विद्युतप्रवाह सुमारे ३२५ व्होल्टच्या डीसीत बदलून मोठ्या कपॅसिटरमध्ये साठवतो आणि त्यातून १२, ५ आणि ३.३ व्होल्ट तयार करतो. उसळी जाणवली की अनेक एसएमपीएस स्वतःला कुलूप लावून बसतात, आणि आतला साठा उतरेपर्यंत ते उघडत नाही. म्हणून भिंतीतली वायर काढा, पॉवरचं बटण अर्धा मिनिट दाबून धरा, दहा मिनिटं थांबा आणि मग वायर लावून पाहा. कित्येक ‘उडालेले’ कॉम्प्युटर इथेच जिवंत होतात. जुन्या एसएमपीएसच्या मागे ११५/२३० लिहिलेलं लाल बटण असतं, त्याला हात लावू नका. ११५ वर सरकवून लाईन दिली की फटाका ठरलेला. आणि एसएमपीएसचा डब्बा तर उघडायचाच नाही. वायर काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा साठा उरू शकतो. जळका वास आला तर प्रयोग थांबवून तो बदलून घ्यावा, दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, असं माझं मत.

पंखा फिरतो पण पडद्यावर काही येत नाही, हा वेगळा प्रकार. आधी मॉनिटरची वायर आणि त्याचं स्वतःचं बटण पाहा. मग लाईनची वायर काढून, कॅबिनेट उघडून रॅम बाहेर घ्या, तिची सोनेरी किनार पेन्सिलच्या खोडरबराने हलकेच पुसा आणि टक् आवाज येईपर्यंत परत बसवा. दुकानातला माणूसही बहुधा हेच आधी करतो. वॉरंटी असेल तर स्क्रूला हात लावू नका. कॉम्प्युटर सुरू होऊन भलतंच साल दाखवत एफ१ दाबायला सांगत असेल, तर सीआर२०३२ नावाचा तीन व्होल्टचा बटणसेल संपलाय. तो आधीच संपला होता, लाईन गेल्याने उघडकीला आलं इतकंच.

महाल-इतवारीतल्या जुन्या घरांची एक वेगळी कथा आहे. तिथे अर्थिंग नसलं की कॅबिनेटला हात लावताच मुंग्या येतात आणि स्पाइक गार्डचं निम्मं संरक्षण वाया जातं. अर्थिंग असलं तरी उन्हाळ्यात त्याचा खड्डा सुकतो. त्यात अधूनमधून बादलीभर पाणी ओतावं.

यापुढे लाईन गेली की कॉम्प्युटरची वायर भिंतीतून काढून ठेवा आणि लाईन आल्यावर दहा मिनिटं थांबूनच लावा. दुकानात जायची वेळ आलीच तर फक्त कॅबिनेट न्या, मॉनिटर घरी राहू द्या. काय काय झालं ते क्रमाने सांगा, आधी दुसरा एसएमपीएस लावून बघायला सांगा, आणि ‘हार्ड डिस्क फॉरमॅट करू नये’ असं पावतीवर लिहून घ्या.